तिथीची भरती, कोयनेचं अवजल आणि खाडीतली होडी

खाडीकाठ

परवा भाच्याचा चिपळूणजवळच्या गोवळकोटच्या धक्क्यावरून फोन आला. मित्रांना घेऊन होडीतून मगरी बघायला निघाला होता. म्हणाला, "मामा, मोबाइलवर भरती दाखवतंय. पाणी चढतंयही, पायऱ्या बुडतायत. पण वाहतंय मात्र दाभोळकडे, म्हणजे समुद्राकडे. असं कसं?" फोनवर दोन वाक्यांत सांगितलं, पण त्याचं समाधान झालं नाही आणि माझंही झालं नाही. म्हणून हा धागा काढतोय.

ज्यांना हा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं आधीचं. कोयना ही खरं तर पूर्वेकडे जायची नदी. महाबळेश्वराला उगम, कऱ्हाडला कृष्णेशी संगम, आणि मग बंगालचा उपसागर. धरण झालं, सह्याद्रीतून बोगदे काढले आणि १९६२ साली पोफळीच्या भूमिगत वीजघरात पहिलं जनित्र फिरलं. तेव्हापासून त्या पाण्याचा मोठा हिस्सा घाटाखाली उतरतो, वीज करतो आणि वाशिष्ठीत येतो. यालाच आपण सगळे 'अवजल' म्हणतो. कृष्णा लवादानं असं पश्चिमेला वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसीची (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) मुभा दिलेली आहे. म्हणजे चिपळूणपाशी आज जी वाशिष्ठी दिसते तिच्यात मार्च-एप्रिलमध्येही भरपूर पाणी असतं. कोकणातली बाकीची नदी त्या दिवसांत कोंडीकोंडीपुरती उरते. वाशिष्ठी वाहती असते, कारण तिच्यात दुसऱ्या खोऱ्याचं पाणी आहे.

आता होडीचं. आमच्याकडे भरतीचं गणित तिथीवर. तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढं. ही वेळ समुद्राकाठची. खाडीत जितकं आत जाल तितकं पुढं धरायचं. माझ्या चुलत्यांना हे पाठ होतं आणि अख्ख्या वाडीला त्यांच्यावर भरवसा होता.

मी बारा-तेरा वर्षांचा असेन. माघातली सप्तमी. काका जांभ्याचे चिरे भरून करंबवण्याकडून वर गोवळकोटला येत होते, मी नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, बसलेलो. अर्ध्याहून जास्त वाट भरतीनं ढकलत आणलं, इंजिन मंदच होतं. धक्क्यापाशी आलो तेव्हा अंधारू लागलेलं. भरतीत धक्क्याला लागायचं तर होडी फिरवून नाळ खाडीच्या तोंडाकडे करायची, म्हणजे येणारं पाणी समोरून मिळतं आणि होडी हातात राहते. काकांनी पायऱ्या बघितल्या. खालच्या दोन बुडालेल्या, तिसरीवर पाणी लपलपत होतं. चढतंय म्हणजे भरती आहे, असं धरून त्यांनी होडी फिरवली.

फिरवली आणि लगेच पाणी मागून आलं. वरून खाली, आणि चांगलं जोरात. सुकाणूला काही दाद मिळेना. होडी धक्क्याच्या पुढं सरकली, आडवी झाली आणि मागची बाजू खालच्या दगडांवर आपटली. चिऱ्यांची थप्पी एका अंगाला कोसळली. मी दोरासकट पाण्यात. पाणी गोडं होतं, एवढं मला आजही नीट आठवतं. नाकातोंडात गेलं ते खारट नव्हतं.

एका खलाशानं केसाला धरून वर काढलं. कुणाच्या जिवावर बेतलं नाही. काकांनी कुणाला बोल लावला नाही. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "मी पाण्याची उंची बघितली, धार नाही बघितली."

मला या धाग्यात तेच बोलायचं आहे. भरती तिथीवर चालते आणि अवजल विजेच्या मागणीवर. खाडीच्या वरच्या टोकाला ही दोन घड्याळं एकाच पाण्यात चालतात, आणि होडीवाल्याच्या हातात मात्र एकच घड्याळ असतं. यातलं शास्त्र, आकडे, दुसरीकडचे अनुभव, ज्याला जे ठाऊक असेल ते कृपया लिहा.

सुकाणू

धागा काढलात, बरं केलंत. व्यापारी जहाजांवर तेवीस वर्षं काढली. तुमच्या काकांचं वाक्य आम्हाला नौकानयनाच्या पहिल्या वर्षी शिकवायला हवं होतं. पाण्याची पातळी आणि पाण्याचा प्रवाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भरतीचं कोष्टक फक्त पातळी सांगतं. पातळी वरच्या टोकाला पोचली म्हणजे प्रवाह थांबला, असं कुठल्याही नदीमुखात गृहीत धरू नये. बऱ्याच ठिकाणी पातळी उतरू लागल्यावरही पाणी आत शिरत राहतं, आणि वरून नदीचं पाणी येत असेल तर पातळी चढत असतानाच पाणी बाहेर निघालेलं असतं.

धक्क्याला लागताना नाक प्रवाहात ठेवायचं, हा नियम होडीला आहे तसाच दोनशे मीटरच्या जहाजाला. समोरून प्रवाह असला की जमिनीच्या हिशेबानं तुम्ही जवळपास उभे असता, पण सुकाणूवरून पाणी वाहत असतं, म्हणून ते ऐकतं. मागून प्रवाह आला की उलटं. जहाज धावतंय, आणि सुकाणूजवळ पाणी जवळजवळ स्थिर. काकांच्या होडीचं नेमकं हेच झालं.

या विषयातलं भारतातलं सगळ्यात मोठं उदाहरण हुगळी. कोलकाता बंदर समुद्रापासून इतकं आत आहे की वाटाड्या पायलट घेऊन तासन् तास नदीतून जावं लागतं. गंगेचं मुख्य पाणी शतकांपासून पद्मेकडे वळत गेलं आणि हुगळीत वरून येणारं पाणी घटलं. भरती समुद्राची वाळू-माती आत आणते. ती परत ढकलून द्यायला ओहोटीला नदीची साथ लागते. साथ कमी पडली की गाळ बसतो. म्हणून फराक्क्याचा बंधारा बांधला. १९७५पासून ३८ किलोमीटरच्या कालव्यानं गंगेचं पाणी हुगळीत सोडतात, कालव्याची क्षमता ४०,००० क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट. म्हणजे तिथं नदी वळवली तीच मुळी जहाजांसाठी.

फायदा झाला का? वरच्या भागात झाला, पाणी गोडं झालं. पण खाली हल्दियाच्या बाजूला गाळ काढण्याचं काम आजही चालूच असतं. बांगलादेशाला उन्हाळ्यात पाणी कमी पडू लागलं, तो वाद वेगळा, आणि १९९६चा करार त्यातूनच झाला. मला इतकंच म्हणायचं आहे की नदी एका ठिकाणी वळवली की दोन नद्यांमधली जहाजं, होड्या आणि माणसं त्यात गुंततात.

हुगळीतला जेम्स अँड मेरी नावाचा वाळूचा पट्टा जुन्या खलाशांच्या तोंडी फार असे. १६९४मध्ये तिथं बुडालेल्या जहाजाचं नाव त्याला पडलं. दामोदर आणि रूपनारायण तिथं हुगळीला मिळतात. तीन पाणी एकत्र येतात आणि वर भरती. तिथं तळ टेकला की जहाज नुसतं अडकून राहत नाही. प्रवाह बाजूनं रेटतो आणि कलंडवतो. खाडीतल्या होडीलाही हाच धोका असतो. रुतणं एकवेळ परवडतं. रुतल्यावर आडव्या प्रवाहाला तोंड द्यावं लागलं तर होडी जाते.

जलगणित

पाटबंधारे खात्यातून निवृत्त. या विषयावर आकड्यांशिवाय बोललं की गैरसमज पसरतात, म्हणून थोडं गणित. कंटाळा येईल त्यांनी पुढच्या प्रतिसादावर जावं.

१ टीएमसी म्हणजे सुमारे २.८३ कोटी घनमीटर. ६७.५ टीएमसी म्हणजे १९१ कोटी. वर्षभर सारखं सोडलं असं धरलं तर दिवसाला साधारण ५२ लाख घनमीटर, म्हणजे सेकंदाला ६० घनमीटर. पण कोयना प्रकल्प मागणीच्या वेळेसाठी आहे. १,९६० मेगावॅटचा हा संच चोवीस तास पूर्ण क्षमतेनं चालवायचा नसतोच. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या टप्प्याचं पाणी कोळकेवाडीच्या तलावात येतं, तिथून तिसरा टप्पा वीज करतो आणि मग पाणी कालव्यानं वाशिष्ठीत जातं. कोळकेवाडीचा तलाव हा चढउतार थोडा सामावून घेतो, पूर्ण नाही. तेच ५२ लाख घनमीटर समजा दहा तासांत सोडलं तर सेकंदाला १४५ घनमीटर.

आता खाडी. पुढचे आकडे मी ढोबळ धरतोय, पद्धत समजावी म्हणून. गोवळकोटपाशी पात्र १२० मीटर रुंद आणि सरासरी अडीच मीटर खोल धरा. छेद ३०० चौरस मीटर. १४५ भागिले ३००, म्हणजे सेकंदाला जवळजवळ अर्धा मीटर. सुमारे एक नॉट. वल्ह्यांच्या होडीला हे खूप झालं.

याच्या विरुद्ध भरती किती जोर लावते? भरतीचा प्रवाह हा त्या ठिकाणाच्या वर किती जागा भरायची आहे यावर ठरतो. गोवळकोटच्या वर भरतीला भरायला जागा थोडी. पाच किलोमीटर लांब, शंभर मीटर रुंद आणि भांगाच्या दिवसांत (सप्तमी-अष्टमीच्या सुमारास, भरती कमी चढते तेव्हा) एक मीटर चढ धरला तर पाच लाख घनमीटर. सहा तासांत भरायचं, म्हणजे सेकंदाला बावीस-तेवीस घनमीटर. आता सांगा, वरून १४५ येतंय आणि खालून २३. पाणी कुठं वाहणार? खालीच वाहणार. पण समुद्राची पातळी वर आल्यामुळे बाहेरची वाट तुंबते, म्हणून पातळी मात्र चढते. खाडीकाठ यांच्या भाच्यानं जे पाहिलं ते अगदी बरोबर आहे, आणि काकांची सप्तमी ही नेमकी भांगाची तिथी होती. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला कदाचित हे घडलंही नसतं.

आता दुसरी बाजू, आणि ती तितकीच महत्त्वाची. हेच गणित दाभोळला करा. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरची खाडी, सरासरी चारशे मीटर रुंदी, दोन मीटर चढ धरला तर साडेतीन कोटी घनमीटरच्या आसपास पाणी सहा तासांत आत येतं. सेकंदाला सोळाशे घनमीटर. त्यापुढं १४५ म्हणजे दहा टक्केही नाही. तेव्हा दाभोळच्या मुखाशी होडी उलटली की अवजलाचं नाव घेणं बरोबर नाही. तिथं राज्य समुद्राचं आहे.

खाडीकाठ

जलगणित साहेब, मनापासून आभार. इतकी वर्षं मला 'भरती असून उलटं' एवढंच ठाऊक होतं, त्यात भांगाचा भाग आहे हे आज उमगलं. काकांना हे ऐकवता आलं असतं तर बरं झालं असतं.

एक शंका. आमच्याकडे जुनी माणसं म्हणतात की वरचं पाणी आणि खालचं पाणी वेगळं चालतं. पाग (फेकायचं जाळं) टाकला की वर एकीकडे ओढतो आणि खाली दुसरीकडे. हे खरं असू शकतं का?

जलगणित

खरं आहे आणि मोजता येतं. गोडं पाणी हलकं, ते वर तरंगत बाहेर जातं. खारं पाणी जड, ते तळाशी पाचरीसारखं आत घुसतं. मधल्या पट्ट्यात, जिथं दोन्ही भेटतात, तिथं पृष्ठभागावर पालापाचोळा दाभोळकडे निघालेला असतो आणि तळाची वाळू चिपळूणकडे सरकत असते. अवजल वाढलं की ही पाचर खाली सरकते, कमी झालं की वर येते. आणि जिथं पाचरीचं टोक थांबतं तिथं बारीक गाळ जास्त बसतो. त्यामुळे वीजघर जसं चालतं तसा गाळाचा उथळ भागही आपली जागा बदलत राहतो. गेल्या वर्षी जिथं होडी सहज गेली तिथं यंदा टेकते, ते यामुळंही असू शकतं. हातपाटीनं आणि सक्शन पंपानं वाळू काढून जे खड्डे पडतात ते आणखी वेगळे.

पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ साली सुरू झालेलं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. हुगळीसकट देशातल्या बंदरांच्या आणि नदीमुखांच्या प्रतिकृती करून तिथं अभ्यास होतो. मोठी नदी एका शेडमध्ये उतरवलेली बघायची संधी मिळाली तर सोडू नका.

सुकाणू

यात एक भर. गोड्या पाण्यात जहाज जास्त बुडतं. समुद्रात सहा मीटर बुडणारं जहाज नदीत शिरलं की बारा ते पंधरा सेंटिमीटर आणखी खाली जातं. खोलीच जेमतेम असेल तर हे पंधरा सेंटिमीटर फार असतात. शिवाय उथळ पाण्यात वेग वाढवला की जहाज आणखी बसतं. म्हणून नदीत पायलट वेग कमी ठेवायला लावतो. तरुण अधिकाऱ्यांना याचा कंटाळा येतो, मलाही यायचा.

दाभोळची लेक

जलगणित काकांनी दाभोळचं म्हटलं ते पटलं. माझे बाबा तांडेल, मासेमारी होडीचे प्रमुख. आमच्या मुखाशी अवजलाची कुणाला फिकीर नाही, तिथली भीती वेगळी आहे.

पावसाळ्याच्या तोंडाला आणि गणपतीच्या आसपास बाहेरून लाट मोठी असते. त्यात सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की खाडीतलं सगळं पाणी बाहेर धावतं आणि समोरून लाट आत येते. वाळूच्या पट्ट्यावर दोघांची गाठ पडते. तिथं लाट लांब राहत नाही, उभी होते आणि फुटते. भरतीला जी लाट होडीखालून निघून जाते तीच सुकतीला डोक्यावर येते. बाबा बाहेरून येताना पट्ट्याच्या आधी थांबायचे. डिझेल जळतंय, मासळी खराब होतेय, तरी थांबायचे. इंजिन मंद ठेवून पाणी फिरायची वाट बघायची. आम्ही अंजनवेलच्या दिव्याकडे बघत किनाऱ्यावर. लहानपणी वाटायचं, घर एवढं दिसतंय, तर हे येत का नाहीत?

जुलैच्या अतिवृष्टीत मात्र गोष्ट पालटते. वाशिष्ठी आणि जगबुडी दोन्ही भरून येतात तेव्हा दाभोळला भरती असली तरी पाणी तांबडं आणि बाहेर जाणारं. ओंडके, झाडं, गुरांची कलेवरं, सगळं वाहत येतं. २२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्याकडे खाडीत वरून वाहून आलेलं सामान सापडत होतं. अशा पाण्यात रात्री होडी काढायची म्हणजे डोळे झाकून रस्ता ओलांडायचा.

फेरीबोट कुणी नीट बघितलीय का? २००३पासून दाभोळ-धोपावे चालते. ती सरळ कधीच जात नाही. भर सुकतीला नाक वरच्या अंगाला धरून तिरकी निघते आणि बरोबर धक्क्यावर उतरते. गाडीत बसलेल्यांना वाटतं वाट चुकली. मला अजूनही ते बघायला फार आवडतं.

कोलाडकर

आमच्याकडे, रायगडातल्या कोलाडलाही हेच आहे, फक्त त्याचा उपयोग वेगळा. मुळशीचं पाणी १९२७पासून भिऱ्याच्या वीजघरात उतरतं आणि कुंडलिकेत येतं. तेही पूर्वेचंच पाणी, भीमेच्या खोऱ्यातलं. ज्या धरणासाठी सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तेच. कोलाडचं राफ्टिंग त्या पाण्यावर चालतं. सकाळी पाणी सोडतात, ते कोलाडपर्यंत पोचायचा वेळ सगळ्यांना माहीत असतो, आणि त्याच तासा-दोन तासांत तराफे उतरवतात. पाणी ओसरलं की दगड वर येतात आणि दिवसाचा धंदा संपतो.

मी सात वर्षं गाइड होतो. वीजघर किती वाजता चालू झालं यावर आमचं घड्याळ लागायचं. त्यामुळे खाडीकाठ यांची कळकळ मला पोचली. नदीच्या वरच्या भागात पर्यटकांसाठी पाण्याची वेळ कळू शकते, तर त्याच पाण्याची वेळ खाली खाडीतल्या होडीवाल्याला कळायला काहीच अवघड नाही. धक्क्यावर एक फळा पुरे. आज पाणी किती सोडणार, किती वाजता, आणि इथं पोचायला साधारण किती तास.

मांडवीतीर

पणजीहून लिहितोय. तुमच्याकडे पाणी आणलं, आमच्याकडे पाणी नेण्याचं चाललंय, म्हणून लिहावंसं वाटलं.

म्हादई म्हणजेच आमची मांडवी. कर्नाटकाला तिचं काही पाणी मलप्रभेकडे वळवायचं आहे. २०१८च्या ऑगस्टमध्ये लवादानं निवाडा दिला. कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३. गोव्यात हा विषय पिण्याचं पाणी आणि जंगल या अंगानं बोलला जातो, आणि ते योग्यच आहे. बार्जवर (सपाट तळाच्या मालवाहू बोटीवर) काम केलेला माणूस म्हणून मला आणखी एक अंग दिसतं.

मांडवीच्या मुखाशी, आग्वादजवळ, वाळूचा पट्टा आहे. पावसाळ्यात तिथून खनिजाच्या बार्जना जाणं बंद असायचं. मग आम्ही कुंभारजुव्याच्या कालव्यानं जायचो. हा पंधराएक किलोमीटरचा नैसर्गिक फाटा मांडवी आणि जुवारीला जोडतो. तिथून जुवारीत आणि पुढं मुरगाव. कालवा अरुंद, वळणांचा, आणि दोन्ही टोकांनी भरती शिरते. मध्ये कुठंतरी दोन्ही पाणी भेटतात. भरलेली बार्ज तिथं पोचली की एका क्षणी पाणी मागून ढकलत असतं आणि दुसऱ्या क्षणी समोरून अडवतं. नाक एका पाण्यात आणि मागचा भाग दुसऱ्या. बार्ज स्वतःभोवती फिरू बघते. नव्या पोरानं इथं घाबरून इंजिन जोरात टाकलं की काठाची चिखलवाट ठरलेली. मीही एकदा तिथं सहा तास बसलोय, पुढच्या भरतीची वाट बघत. खारफुटीतले खेकडे बार्जखालून येजा करताना दिसत होते.

पाणी घटलं तर काय होईल? उन्हाळ्यात मांडवीत वरून येणारं पाणी आधीच थोडं असतं, नदी भरतीवरच जगते. तेवढंही घटलं की खारं पाणी वर चढणार. आणि पावसाळ्यातला जो लोंढा मुख धुऊन काढतो, त्याची ताकद कमी झाली तर वाळू कुठं बसणार? सुकाणू यांनी हुगळीचं लिहिलंय तेच मला छोट्या प्रमाणात इथं होईल असं वाटतं.

नवशिक्या

सगळे प्रतिसाद वाचले, दोनदा. एक प्रश्न. कोयनेचं अवजल मुंबईला न्यायचं असं अधूनमधून ऐकू येतं. नेलं तर वाशिष्ठीत होडी चालवणं सोपं होईल ना? उलटी धारच राहणार नाही.

जलगणित

प्रश्न चांगला आहे. धार राहणार नाही हे खरं. पण साठ वर्षांत खाडी त्या पाण्याला सरावली आहे. पात्राची खोली, काठाचा उतार, गोडं-खारं भेटण्याची जागा, मासे, विहिरी, पाणीयोजना, सगळं या पाण्याच्या हिशेबानं बसलंय. ते पाणी काढलं की खारं वर सरकेल, आणि उन्हाळ्यात ओहोटीला जी जादा ताकद मिळते ती जाईल. भरतीनं आत आणलेला बारीक गाळ वरच्या टोकाला बसू लागेल. गोवळकोटला उलटी धार नसेल, पण होडीला लागणारं पाणीही कदाचित नसेल. आधीच तिथला गाळ काढा म्हणून २०२१च्या पुरानंतर चिपळूणकरांना साखळी उपोषण करावं लागलंय.

माझं मत स्पष्ट आहे. अवजल नेण्याचा आराखडा पुढं आला तर त्यात पिण्याचं पाणी आणि सिंचन यांच्याबरोबर खाडीतल्या वाहतुकीचं स्वतंत्र प्रकरण असायला हवं. किमान किती पाणी खाडीत ठेवायचं, कोणत्या वेळी, आणि भांगाच्या दिवसांत वेगळं का.

दाभोळची लेक

आणि ते प्रकरण लिहिणाऱ्यानं आधी एका तांडेलाबरोबर एक सुकती काढावी. कार्यालयातल्या नकाशात खाडी निळी असते, तिला वर-खाली नसतं. मी हे रागानं म्हणत नाही. बाबांना विचारायला कधीच कुणी आलं नाही, आणि त्यांना सांगायचं खूप होतं.

सुकाणू

लेकीशी सहमत. नवीन होडीवाल्यांसाठी चार गोष्टी लिहून ठेवतो, भाच्यालाही द्या. धक्क्याला लागण्याआधी मोबाइल खिशात ठेवून नांगरलेल्या दुसऱ्या होडीकडे बघा. तिचं नाक जिकडे, तिकडून पाणी येतंय. दुसरी होडी नसेल तर खांबाच्या कोणत्या अंगाला फेस आणि पाचोळा अडकलाय ते बघा. तेही नसेल तर शहाळ्याचं एक टरफल टाका आणि वीसपर्यंत मोजा. आणि शंका असली तर आत्ता फिरवू नका. थोडं वर जाऊन, इंजिनावर उभं राहून, होडी कुठं सरकते ते बघा.

जीवरक्षक जाकीट आसनाखाली नको, अंगावर हवं. हे लिहायची गरज पडू नये, पण पडते.

खाडीकाठ

काल रविवारी भाचा आणि त्याचे दोन मित्र, आणि मी, गोवळकोटला गेलो. एक बांबू नेला होता, त्यावर दर वीत अंतरावर लाल रंगाचा पट्टा. धक्क्याच्या कडेला घट्ट बांधला. शहाळ्याची टरफलं पोत्यात भरून नेली होती. दुपारी दोनपासून सातपर्यंत दर अर्ध्या तासाला पाण्यानं किती पट्टे बुडाले ते लिहायचं, आणि टरफल टाकून वीस पावलांचं अंतर किती सेकंदांत कापतं, कोणत्या दिशेला, तेही लिहायचं.

पावणेचारपर्यंत टरफल खाली जात होतं, मग मंदावलं. साडेचारला जागच्या जागी फिरत राहिलं. पाचला पाच पावलं वर गेलं, अगदी हळू. बांबूवर पाणी तेव्हा चढतच होतं. सहाला टाकलेलं टरफल परत दाभोळकडे निघालं, आणि बांबूचा आणखी एक पट्टा बुडाला. भाचा दोन्हीकडे आळीपाळीनं बघत होता. वहीत त्यानं एका रकान्यात 'चढतंय' आणि शेजारच्या रकान्यात 'जातंय' असं लिहिलं.

धक्क्यावर एक म्हातारे होडीवाले बिडी ओढत बसले होते. बराच वेळ आमचं चाललेलं बघत होते. शेवटी जवळ आले, बांबूला हात लावून बघितला आणि म्हणाले, "अष्टमीला परत या. आणि टरफलाला दगड बांधून एक खाली सोडा, वरचं एकटं बघू नका."

अष्टमी येत्या गुरुवारी आहे. जातोय. जलगणित साहेब, दगड किती वजनाचा बांधू ते सांगाल का?

जलगणित

टरफलाऐवजी बाटली घ्या. एक लिटरची, वाळूनं इतकी भरा की पाण्यात जेमतेम बुडेल. दोन मीटर दोरीनं वरच्या छोट्या बुचाला बांधा. बूच जिकडे जाईल ती खालच्या पाण्याची दिशा. शेजारी मोकळं टरफल टाका. दोघं वेगळीकडे निघाली तर वेळ लिहून ठेवा, आणि वहीचा फोटो इथं टाका.